आधी धाकट्याने बोलायचं

जरा एक टेबल डोळ्यांसमोर आणा. जेवणाचंच, पण जेवणं उरकून पुसून घेतलेलं, अजून थोडं ओलसर. भोवती सात खुर्च्या. त्यांतल्या अगदी टोकाच्या खुर्चीत तुम्ही बसलाय. तुम्हाला नऊ पूर्ण होऊन अडीच महिने झालेत, पाय जमिनीला टेकवायचे तर पुढे सरकून बसावं लागतं, आणि खोलीतली सगळी मोठी माणसं गप्प होऊन तुमच्याकडे बघताहेत. तुमच्या पोटात एक वाक्य आहे. ते बाहेर आलं तर आजोबांनी तुमच्यावर टाकलेला विश्वास मोडतो आणि कदाचित त्यांचं मंत्रिपदही जातं. ते आतच राहिलं तर उद्या सकाळी एका निरपराध माणसाला घरी बसवतील. आलं डोळ्यांसमोर? मग आता उठा आणि त्या खुर्चीत टाचणीला बसू द्या, कारण ही गोष्ट तिची आहे.

टाचणी हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ती बारीक होती आणि बोलताना टोचायची, म्हणून आजोबांनी ते ठेवलं आणि घराने उचललं. आजोबांना मात्र सगळं गाव 'डॉक्टर' म्हणे. विद्यापीठाचे कुलगुरू झाले तेव्हाही डॉक्टरच, निवडणूक जिंकून आरोग्यमंत्री झाले तेव्हाही डॉक्टरच. आजी पूर्वी त्यांच्याच वॉर्डात सिस्टर होती. ती एरवी त्यांना 'अहो' म्हणायची आणि रागावली की 'सर'. घरात 'सर' ऐकू आलं की काका, आत्या आणि टाचणीचे बाबा, तिघं आपापली कामं आठवून पांगत.

या घरात महत्त्वाचं काही ठरवायचं असलं की टेबलाभोवती राउंड होई. दवाखान्यात सकाळी डॉक्टर मंडळी एकेका खाटेपाशी थांबून बोलतात ना, तसा. आणि त्याचा नियम एकच, आधी धाकट्याने बोलायचं. हा नियम कुठून आला ते आजोबांनी टाचणीला खुर्ची मिळाली त्या दिवशी सांगितलं होतं. ते नवे नवे डॉक्टर असताना एक बसचालक पाय दुखतो म्हणून भरती झाला. मोठे डॉक्टर खाटेपाशी आले, म्हणाले, पाय मुरगळलाय. बाकीच्या सहा जणांनी माना हलवल्या. आजोबांनी त्या माणसाचं पाऊल हातात धरून बघितलं होतं आणि ते गार होतं, दुसरं ऊबदार. पण मोठे बोलून चुकले होते, आता आपण काय बोलायचं, म्हणून ते गप्प बसले. तिसऱ्या दिवशी तो पाय कापावा लागला.

"मला ठाऊक होतं आणि मी बोललो नाही," आजोबा म्हणाले होते. "त्या माणसाने मला कधी दोष दिला नाही, कारण त्याला हे माहीतच नव्हतं."

स्वतः वॉर्डाचे प्रमुख झाल्यावर त्यांनी पहिल्या दिवशी नियम केला. सर्वांत नवा असेल त्याने आधी बोलायचं, म्हणजे वरच्याचं तोंड बघून कुणाला उत्तर बेतता येणार नाही. ऐकलेलं सांगायचं नाही, पाहिलेलं सांगायचं. आणि बोलणारा 'झालं' म्हणेपर्यंत कुणी मध्ये तोंड घालायचं नाही. कुलगुरू झाल्यावर हाच नियम त्यांनी विद्यापीठाच्या सभेत नेला. तिथे पहिल्यांदा बोलायची वेळ आली ती विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधीवर. तो म्हणाला की ग्रंथालयातलं घड्याळ वीस मिनिटं पुढे आहे आणि म्हणून ग्रंथालय रोज वीस मिनिटं आधी बंद होतं. प्राध्यापक मंडळी हसली. आजोबांनी शिपायाला घड्याळ काढून आणायला सांगितलं, आणि मग कुणी हसलं नाही. मंत्रिमंडळात मात्र हा नियम चालला नाही. तिथे स्वतःला धाकटा म्हणवून घ्यायला कुणी तयारच होईना.

घरात खुर्ची मिळायची ती नऊ पूर्ण झाल्यावर. टाचणीच्या आधी सगळ्यांत धाकटा होता तो काकांचा मुलगा. तो आता हॉस्टेलवर होता आणि काकू त्याला भेटायला गेली होती. म्हणजे आज पहिली बोलणार ती टाचणी.

आता तिच्या पोटातल्या वाक्याकडे येऊ.

पाच महिन्यांपूर्वी आजोबांनी जाहीर केलं होतं की टाचणीचं वाचन कच्चं आहे आणि रोज सकाळी शाळेआधी ती त्यांच्या खोलीत मोठ्याने वाचेल. आईला फार बरं वाटलं होतं. आधी वर्तमानपत्र, मग कचेरीतून आलेल्या फायली. 'उपरोक्त' आणि 'सक्षम प्राधिकारी' असले शब्द टाचणी आता न अडखळता वाचायची. वाचून झालं की ती सहीच्या जागेवर बोट ठेवायची आणि आजोबा बोटाला लागून सही करायचे. सुरुवातीला तिला हा खेळ वाटला. मग तिच्या लक्षात आलं की आजोबा बोलताना तिच्या तोंडाकडे बघत नाहीत, तिच्या कानाकडे बघतात. एक दिवस तिने विचारलं, "आजोबा, माझ्या कानाला काय झालंय?"

आजोबांनी पेनाचं टोपण लावलं. मग त्यांनी सांगितलं. त्यांना कडेकडेचं दिसत होतं. चालता येत होतं, दार, जिना, माणसाची उंची, सगळं कळत होतं. पण जिथे नजर लावावी तिथेच मधोमध एक धुरकट डाग बसला होता. अक्षरं त्या डागात जात होती, चेहरेसुद्धा. दूरच्या शहरातल्या एका डॉक्टरला ते गुपचूप दाखवून आले होते. यावर इलाज नव्हता.

"तू आता माझी डॉक्टर," ते म्हणाले होते. "आणि रुग्णाने सांगितलेलं डॉक्टर बाहेर बोलत नाही."

टाचणीने मान डोलावली होती, आणि नंतर ती त्यांना दिसली नसेल म्हणून तोंडाने 'हो' म्हटलं होतं.

पाच महिने सगळं सुरळीत चाललं. मग गेल्या मंगळवारची ती फाईल आली.

फाईल आणायचे ते शिक्केकाका. आजोबांच्या कचेरीतले कारकून, बोलायला हळू, शर्टाच्या खिशाला नेहमी शाईचा डाग. आधी कधीतरी त्यांनी टाचणीला कोऱ्या कागदावर मनसोक्त शिक्के मारू दिले होते, तेव्हापासून ते तिचे शिक्केकाका. ते संध्याकाळी फायलींची पेटी घरी पोचवायचे आणि सकाळी घेऊन जायचे. मंगळवारच्या फायलीत तीन पानं होती. पहिल्यावर बदल्यांची यादी. दुसऱ्यावर शिक्केकाकांचं टिपण, की डोंगरावरच्या दवाखान्यातल्या नर्सच्या जागी पाठवायला दुसरं कुणी नाही, तेव्हा तिची बदली तूर्त थांबवावी. तिसऱ्यावर सही.

सही झाली. नर्स गुरुवारी डोंगर उतरली. दवाखान्याला कुलूप लागलं. शनिवारी पहाटे तिथल्या एका बाईला कळा सुरू झाल्या आणि तिला ट्रॅक्टरवर घालून खाली आणताना वाटेतच मूल झालं. दोघं सुखरूप होती, ते नशीब. दुपारी वीस माणसं कचेरीच्या दारात येऊन बसली. काकांनी शिक्केकाकांना जाब विचारला. ते म्हणाले, मी टिपण लावलं होतं, साहेबांनी तरी सही केली. आता डॉक्टर टिपण वाचल्याशिवाय सही करत नाहीत हे तर दारावरच्या शिपायालाही ठाऊक. काकांनी आजोबांना विचारलं. आजोबा म्हणाले, "असं टिपण मला आठवत नाही." झालं, काकांनी निष्कर्ष काढला की कारकुनाने अंगाशी आल्यावर टिपण मागाहून घातलं. सोमवारी सकाळी त्यांना निलंबित करायचं ठरलं.

हे टाचणीने शनिवारी संध्याकाळी जिन्यात बसून ऐकलं. तिला मंगळवार आठवला. पान उलटताना ते अंगठ्याला जाड लागलं होतं. दोन पानं एकदम आली होती. तिला ते कळलं होतं. पण बस यायला पाच मिनिटं होती, बुटाची नाडी बांधायची राहिली होती, आणि आजोबांनी विचारलं, 'एवढंच?' तेव्हा ती म्हणाली होती, 'एवढंच.'

रविवारी सकाळपासून घर आजच्या राउंडच्या तयारीत होतं. विषय वेगळाच होता. आजोबांनी तिसऱ्यांदा निवडणुकीला उभं राहायचं की नाही. पक्षाचे चिटणीस पाच वाजता फॉर्म घ्यायला येणार होते. काका म्हणत होते, उभं राहायलाच हवं. आजोबांचं राजकारणातलं सगळं काम गेली आठ वर्षं तेच बघत होते, आणि त्यांना दुसरं काही येत नाही असं आत्या म्हणायची. आत्याही डॉक्टर, बापाच्या जुन्या दवाखान्यातच. तिचं म्हणणं, पुरे आता, आजोबांनी घरी बसावं, नातीला गोष्टी सांगाव्यात. सकाळी नाश्त्याला असा सामना होता, काका आणि बाबा एकीकडे, आत्या आणि आई दुसरीकडे. आजी कुणाच्याच बाजूला नव्हती. ती नुसती सगळ्यांना वाढत होती.

पण दुपारपर्यंत माणसं इकडची तिकडे झाली. काकांनी भांडी पुसता पुसता आत्याच्या कानावर घातलं की नर्सिंग शाळेची इमारत अर्धी झालीय आणि आजोबा नसले तर पुढचा मंत्री तिथे गोदाम करेल. त्या शाळेसाठी आत्याने चार वर्षं अर्ज केले होते. तिने हातातलं ताट खाली ठेवलं आणि थोड्या वेळाने म्हणाली की एक वेळ आणखी उभं राहायला तशी काही हरकत नाही. आईला हे ऐकून हसूच आलं. "तुमचं मत सकाळचं बरं होतं की दुपारचं, वन्स?" असं तिने विचारलं, आणि आत्याने ताट जरा जास्तच जोरात पुसलं. उलट बाबा पाय मागे घेत चालले होते. ते विद्यापीठात गणित शिकवायचे. कुलगुरूंचा मुलगा म्हणून सहन केलेलं त्यांना पुरेसं होतं, आता मंत्र्याचा मुलगा म्हणून आणखी पाच वर्षं नको, असं ते आईला हळूच म्हणाले. टाचणी चमचे मोजून खणात ठेवत होती. तिने ते तीनदा मोजले.

तीन वाजता सगळे बसले. आजोबांसमोर फॉर्म होता. काकांनी तो घडी मोडून, सपाट करून ठेवला होता.

"आता सुरुवात टाचणीपासून," बाबा म्हणाले आणि तिच्याकडे बघून हसले.

काका म्हणाले, "तिला कशाला? तिला उमेदवारीतलं काय कळणार? आजच्यापुरतं तिला सोडू या."

सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं. टाचणीनेही पाहिलं. तिच्या मनात एकच गोष्ट होती, आजोबांनी 'हो' म्हणावं. एका शब्दाने तिची सुटका झाली असती. आजोबांचे हात टेबलावर होते. त्यांनी ते एकमेकांत गुंफले, सोडवले, पुन्हा गुंफले. ती काय बोलणार हे त्यांनाही कळलं होतं. मोठ्या माणसाला भीती वाटते तेव्हा ती अशी हातांत दिसते, हे टाचणीने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"नाही," आजोबा म्हणाले. "खुर्ची दिलीय ना तिला? मग बोलू दे. टाचणी, तू पाहिलेलं सांग."

टाचणी पुढे सरकली. पाय टेकले. ती टेबलाच्या कडेकडे बघत बोलायला लागली.

"आजोबांना मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. अक्षरं दिसत नाहीत. फायली मी वाचून दाखवते आणि सहीच्या जागी बोट ठेवते. मी कुणाला सांगणार नव्हते. पण शिक्केकाकांनी टिपण नंतर घातलेलं नाही. ते आधीपासून होतं. आजोबांना ते दिसलं नाही." एवढं म्हणून ती थांबली. अजून एक वाक्य राहिलं होतं, अंगठ्याला जाड लागलेल्या पानाचं. "झालं," ती म्हणाली.

झालं नव्हतं. पण ते तिलाच माहीत होतं.

काका उठायला लागले, आजी म्हणाली, "बसा. तुमचा नंबर अजून यायचाय." ती मुलांना अहोजाहो करू लागली म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे काका ओळखून होते. ते बसले.

पुढचा नंबर आईचा. या टेबलावर ती एरवी दोन वाक्यांत आटपायची. आज ती सासऱ्यांकडे वळून बसली. तिने सांगितलं की गेल्या महिन्यात ती दारात उभी असताना आजोबांनी 'कोण?' असं विचारलं होतं आणि तिला वाटलं होतं, कामाच्या विचारात असतील. मग ती म्हणाली, "तुमचे डोळे गेले याचं मला वाईट वाटतंय, बाबा. पण नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर तुम्ही आख्खं खातं ठेवलंत. पाच महिने ती रात्री दचकून उठते आणि मी तिला जंताचं औषध देतेय." 'झालं'ही ती हातानेच म्हणाली.

बाबा एवढंच म्हणाले की त्यांना काही दिसलं नाही, आणि दिसलं नाही याचीच त्यांना लाज वाटते.

आत्या तर नियम विसरून उठलीच. ती आजोबांच्या समोर जाऊन वाकली, त्यांचा एक डोळा तळहाताने झाकला आणि म्हणाली, "माझ्या नाकाकडे बघा. काय दिसतं?"

"नाक सोडून सगळं," आजोबा म्हणाले.

आत्याला हसू आलं आणि त्याच वेळी तिचे डोळे भरले. तिने दुसरा डोळा झाकून तपासला. सरळ उभं राहून म्हणाली, दृष्टिपटलाचा मधला भाग गेलाय, दोन्हीकडचा, आणि आजचा नाही. रोज चाळीस माणसं ती तपासत होती, काकांची सर्दी, आजीचे गुडघे, शेजारणीचं पोट. या घरात बारीक खोकलासुद्धा तपासल्याशिवाय सुटत नव्हता. फक्त या एका माणसाला कुणी तपासलं नव्हतं, कारण तोच डॉक्टर.

मग काकांचा नंबर आला. टाचणीला वाटलं, ते आता ओरडतील. पण त्यांचा आवाज खालीच होता. ते म्हणाले, न दिसणारी माणसं जगात कामं करतात. वाचायला एक शिकलेला माणूस ठेवू, लोकांना सांगू, लोक तरीही निवडून देतील. त्यात काही खोटं नव्हतं, हे टाचणीलासुद्धा पटलं. मग ते थांबले. "पण काल मी त्या कारकुनाला चार माणसांत लबाड म्हणालो," ते म्हणाले. "तुम्ही शेजारच्या खोलीत होतात, बाबा. दार उघडं होतं."

फोन वाजला. आजीने खुर्चीतूनच हात लांबवून तो घेतला. चिटणीस होते, वाटेत होते. "ते राउंडवर आहेत," आजी म्हणाली. "आज जमणार नाही." आणि फोन ठेवून दिला. तिच्या बोलण्याची वेळ तशीही आलीच होती.

"मला दोन महिने माहीत आहे, सर," ती म्हणाली.

'सर' ऐकल्यावर तिघा मुलांनी माना खाली घातल्या. पांगायला आज वाट नव्हती.

आजीने सांगितलं की ती मुद्दाम पाण्याचा पेला रोज त्याच जागी ठेवत होती, आणि एके दिवशी वीतभर सरकवून बघितला होता. आजोबांचा हात जुन्या जागी गेला होता. ती वाट बघत होती. वॉर्डात पेशंटला कधी विचारायचं आणि कधी वाट बघायची ते तिला कळत होतं, या वेळी मात्र तिने जास्तच वाट बघितली, हे तिने कबूल केलं. "दिसत नाही म्हणून कुणी तुम्हाला थांबवत नाहीये," ती म्हणाली. "पण तुम्ही लपवलंत. आणि तुमच्या लपवण्याची किंमत दुसरा कुणीतरी देत होता, ते तुम्हाला कालपासून ठाऊक होतं. झालं."

सगळ्यांत शेवटी आजोबा. सभा गाजवणारा माणूस, कुलगुरू असताना संपावरच्या दोन हजार मुलांसमोर खुर्चीवर उभं राहून बोललेला. आता त्यांना शब्द सापडायला वेळ लागत होता.

"टिपण आठवत नाही, असं मी म्हणालो," ते म्हणाले. "ते खरं होतं. दिसलं नाही, असं म्हणायला हवं होतं. मला वाटलं, एवढं एक शाळेचं काम होऊ दे, मग सांगू. आधी एक अधिवेशन होऊ दे, मग सांगू, असंही वाटलं होतं." त्यांनी फॉर्म हाताने चाचपला, घडी घातली आणि काकांकडे सरकवला. आज सही होणार नाही, त्यांनी सांगितलं. आधी कारकुनाकडे जायचं. मग नर्सला परत पाठवायचं. मग पक्षाला आणि मुख्यमंत्र्यांना डोळ्यांचं सांगायचं. त्यानंतरही त्यांना मी हवा असेन, तर बघू.

काका म्हणाले, शिक्केकाकांना गाडी पाठवून बोलावून घेतो. आजोबा म्हणाले, नाही, मी जाणार, चालत. मग त्यांनी टाचणीच्या दिशेला, म्हणजे तिच्या कानाच्या दिशेला, पाहिलं. "तू येशील?" त्यांनी विचारलं. आई काही बोलणार होती, पण टाचणी आधीच खुर्चीवरून उतरली होती.

शिक्केकाका तीन रस्ते पलीकडे राहायचे, एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. रस्त्यात लोक थांबून नमस्कार करत होते आणि आजोबा त्यांच्या आवाजाकडे मान वळवून हसत होते. टाचणी फक्त फुटपाथची कड आली की सांगायची. "तू आज बरोबर केलंस," आजोबा एकदा म्हणाले. मंगळवारच्या त्या पानापेक्षा हे वाक्य तिला जड गेलं.

दार शिक्केकाकांनीच उघडलं. अंगात बनियन, हातात इस्त्री. आतल्या टेबलावर कचेरीचा शर्ट पसरलेला होता, तोच शाईच्या डागाचा. उद्या काढून टाकणार हे माहीत असूनही त्यांनी तो इस्त्रीला घेतला होता. मंत्र्यांना दारात बघून ते इस्त्री कुठे ठेवावी ते विसरले. त्यांच्या बायकोने ती पुढे होऊन काढून घेतली, खुर्ची दिली, आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. पाहुण्यांना पाणी विचारण्याइतकीही ती पाघळली नव्हती.

आजोबांनी आडपडदा ठेवला नाही. डोळ्यांचं सांगितलं, वाचनाचं सांगितलं, काल शेजारच्या खोलीत बसून आपण गप्प राहिलो तेही सांगितलं. उद्या कुणी निलंबित होणार नाही आणि चार माणसांत जे बोललं गेलं ते चार माणसांतच मागे घेतलं जाईल, म्हणाले. "चूक माझी आहे. माझी एकट्याची."

शिक्केकाका खाटेच्या कडेवर बसले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"साहेब, मला वाटलं माझंच डोकं फिरलं," ते म्हणाले. "काल रात्रभर हिला विचारत होतो, मी टिपण घातलं होतं ना? की घालायचं ठरवलं आणि विसरलो? चोवीस वर्षं हेच काम करतोय. सकाळी तर मला खात्रीच वाटेना."

त्यांची बायको पहिल्यांदाच बोलली. तिने विचारलं, "पण साहेब, नात वाचून दाखवते म्हणता. मग बाकी सगळं ऐकलंत, आणि नेमकं तेवढंच पान कसं ऐकू आलं नाही?"

आजोबांचा हात आपोआप टाचणीच्या खांद्यावर आला आणि तिथेच राहिला. "माझंच लक्ष नसेल," ते म्हणाले. "वय झालं."

तेव्हा टाचणीला कळलं की आजोबांना ठाऊक आहे. बहुधा पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यांनी 'एवढंच?' असं विचारलं होतं आणि तिचं 'एवढंच' ऐकलं होतं, आणि चाळीस वर्षं माणसांचे आवाज ऐकलेल्या डॉक्टरला त्यातली घाई ऐकू आल्याशिवाय राहिली नसणार. ते तिला झाकत होते. तिने काही न बोलता उभं राहायचं, एवढंच तिच्याकडे मागत होते, आणि ते फार सोपं होतं.

शिक्केकाका अजून आपल्या हातांकडे बघत होते, ते खरंच आपलेच हात आहेत का ते तपासून बघावं तसे.

टाचणीने आजोबांचा हात धरला, खांद्यावरून हळूच उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. मग ती दोन पावलं चालत गेली, खाटेसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "शिक्केकाका, तुमचं टिपण होतं. मी ते वाचलंच नाही. दोन पानं एकदम आली होती, ती मला हाताला जाड लागली, मला कळलं होतं, आणि तरी मी 'एवढंच' म्हणाले." आणि त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती मागे सरली नाही. तिथेच उभी राहून तिने बसचं, बुटाच्या नाडीचं आणि पाच मिनिटांचं सगळं सांगून टाकलं.